नोंदवहीतल्या रसा

उतेनाच्या नोंदणी कचेरीत हे माझं तिसावं वर्ष.
अजून शाईच्या पेनानं लिहिते.
कॉम्प्युटर आहे, त्यात नंतर भरते.
आधी वहीत. सवय.

खालच्या फळीवर जुन्या जन्मनोंदी.
एकोणीसशे तीस: ओना, मारियोना, वेरोनिका, पुन्हा ओना,
संतांच्या पंचांगातून उतरवून घेतलेल्या.
मधल्या काही वर्षांच्या वह्या सापडत नाहीत,
आणि सापडतात त्यांतल्या मुलींना पुढे
कुठल्या गाडीत बसवून नेलं, ते वहीत नाही.
मग एकदम त्रेसष्ट साल:
रसा. रसा. रूता. रसा. रसा.
एका पानावर चार ठिकाणी दहिवर पडलेलं.

माझा बाप्तिस्मा स्वयंपाकघरात झाला, पडदे ओढून,
तेव्हा तो असाच उरकायचा.
पाद्रीबुवांनी हळूच विचारलं, "या नावाची संत कोण?"
वडील डेअरीत कामाला, बोलायला कंजूष.
म्हणाले, "रोज पहाटे येते. गुडघ्यापर्यंत भिजवते.
तुमच्यातलं कोण येतं एवढ्या नेमानं?"
पाद्रीबुवा हसले, पाणी ओतलं,
आणि आपल्या चिठ्ठीत गुपचूप 'मारिया' जोडून गेले.
ते मला चाळिशीत कळलं.

वडिलांना वाटायचं, हे नाव त्यांनाच सुचलं.
सगळ्यांच्याच वडिलांना तसं वाटलेलं.

सातवी ब मध्ये आम्ही पाच जणी निघालो.
चष्म्याची रसा, स्टेशनमास्तरांची रसा,
रडकी रसा, लांब वेणीची रसा,
आणि मी नुसती रसा,
माझ्यापर्यंत येईतो खुणा संपल्या होत्या.
मार्चमध्ये बर्चच्या खोडाला भोक पाडून
आम्ही बाटलीत रस धरायचो,
पाण्यासारखा, जरासा गोड, थेंब थेंब,
आणि वाट बघायचा कंटाळा येऊन भांडायचो.

त्या जूनमध्ये सामूहिक शेतावर बीट खुरपायला नेलं होतं.
वर्षातली सगळ्यांत छोटी रात्र.
वेणीवालीच म्हणाली, चला.
छावणीची चादर पळवली, अनवाणी गेलो नदीकाठी,
गवतावरून ओढत नेली, बादलीत पिळली.
त्या पाण्यानं तोंड धुतलं की कांती टिकते,
उरलेलं गाईला. असं जुनी माणसं सांगत.
बादलीत जेमतेम दोन वाट्या,
त्यात तीन किडे.

सकाळी गेनोवाइते बाईंनी ओली चादर वर धरली.
"काल नदीवर कोण होतं?"
मागून कुणीतरी मुलगा: "रसा होती, बाई."
"कोणती रसा?"
"गवतावरची."
बाईंचे ओठ थरथरले. त्यांनी तोंड फिरवलं.
पाचही जणींना दोन-दोन ओळी जास्त खुरपायला लावल्या.

मंगळवारी एक गृहस्थ आले, टोपी हातात.
मृत्यूची नोंद. आडनाव अनोळखी.
नाव रसा. मी लिहिलं.
आताशा हे नाव याच वहीत येतं,
जन्माच्या वहीत गेली कितीतरी वर्षं नाही.
"माहेरचं आडनाव?"
"झ्विर्ब्लीते."
पेन तिथंच थांबलं, शाईचा टिपका मोठा होत गेला.
"वेणी?" माझ्या तोंडून निघून गेलं.
त्यांनी वर पाहिलं.
"औषधं सुरू व्हायच्या आधीच कापली तिनं.
कपाटात आहे. मऊ कागदात गुंडाळून.
तिचं काय करायचं असतं, तुम्हाला माहीत आहे का?"
मला माहीत नव्हतं.
मी तारीख लिहिली. सही घेतली. टिपकागद दाबला.
ते गेल्यावर पाहिलं, तर टिपकागदावर
माझं नाव उलटं उमटलेलं.

बाहेर एक जोडपं ताटकळत होतं,
बाळ गळपट्ट्यात, वडिलांच्या छातीशी.
"लिएपा," आई म्हणाली. "लिंडेनचं झाड."
त्या महिन्यातली ती चौथी लिएपा.
"आम्हाला अचानक सुचलं," वडील म्हणाले,
"या नावाच्या आणखी असतात का हो?"

मी पेनाचं टोपण काढलं.
म्हटलं, माझ्या तरी पाहण्यात नाही.